लावोचा उतार: द्राक्षबागा वाचल्या, त्या कोणाच्या कष्टावर?

12 जून 1977 रोजी स्वित्झर्लंडमधल्या वो या कँटनच्या, म्हणजे तिथल्या राज्याच्या, मतदारांपुढे एक प्रश्न होता. जिनिव्हाच्या सरोवराच्या उत्तर काठावर लावो नावाचा द्राक्षबागांचा डोंगरउतार आहे. तो राज्याच्या घटनेतच ‘संरक्षित’ म्हणून लिहून टाकायचा का? निम्म्याहून थोड्या जास्त मतदारांनी होकार दिला. त्या दिवसापासून हा उतार बंगल्यांपासून आणि अपार्टमेंटपासून वाचला. एका बाजूला लोझान शहर पसरत गेलं, दुसऱ्या बाजूला वेवे आणि मोंत्रो. मधला पट्टा मात्र आजही पायऱ्यापायऱ्यांनी सरोवरात उतरणाऱ्या बागांचाच आहे.

ही गोष्ट साधारणपणे इथेच थांबवून सांगतात: एका निसर्गप्रेमी माणसाने मोहीम उघडली, जनतेने साथ दिली, पुढे युनेस्कोने मान्यता दिली. यात खोटं काही नाही. पण ज्यांच्या बागा त्या उतारावर होत्या, त्यांच्यातल्या अनेकांना हा निकाल रुचला नव्हता. जमीन त्यांची, राबणूक त्यांची आणि निर्णय मात्र सगळ्या कँटनचा. संरक्षणामुळे जमिनीची किंमत बांधली गेली, पण भिंत ढासळली तर ती परत उभारायची जबाबदारी जिच्या-तिच्या मालकाचीच राहिली. आपल्याकडे द्राक्षबागेशेजारची जमीन एनए झाली की तिचा भाव कुठे जातो, हे नाशिक-दिंडोरीकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. लावोमधल्या शेतकऱ्याला त्या दिवशी सांगितलं गेलं की तुझ्या जमिनीला तो भाव कधीच मिळणार नाही.

म्हणून या प्रकरणाकडे मी एका प्रश्नातून पाहतो आहे. उतार राखावा असं वाटणारे लोक आणि उतार प्रत्यक्ष राखणारे लोक वेगवेगळे असतील, तर त्यांच्यातला हिशेब कसा जुळतो?

गाव आणि भिंती

लोझान आणि वेवे यांच्यामध्ये सँ-साफोरँ नावाचं छोटंसं गाव आहे. वस्ती काही शेकड्यांची. दगडी घरं एकमेकांना खेटून उभी, कारण घरासाठी घेतलेला प्रत्येक हात म्हणजे बागेचा एक हात कमी. गावातल्या चर्चमध्ये इसवी सन 47 मधला, रोमन सम्राट क्लॉडियसच्या काळातला मैलाचा दगड ठेवलेला आहे; सरोवराच्या कडेने जाणारा रोमन रस्ता इथूनच जात होता. आज त्याच कडेने रेल्वे जाते. गावाच्या वर मान करून पाहिलं की भिंत, तिच्यावर वेलींच्या ओळी, पुन्हा भिंत, पुन्हा ओळी, अशी चढण थेट शेब्रपर्यंत जाते.

सँ-साफोरँ, रिवा, एपेस, क्युली, ल्युत्री ही सगळी याच उताराची गावं. लावोतल्या बागा साधारण 800 हेक्टर. त्या धरून ठेवणाऱ्या दगडी भिंतींची लांबी 400 किलोमीटरहून जास्त भरते आणि पायऱ्या सुमारे 10,000 आहेत. काही ठिकाणी पायरी इतकी अरुंद असते की तिच्यात वेलींच्या दोन-चारच ओळी मावतात.

या पायऱ्यांचा इतिहास अकराव्या-बाराव्या शतकापर्यंत मागे जातो. तेव्हा हा भाग बेनेडिक्टाइन आणि सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधुपंथांच्या मठांच्या ताब्यात होता. लावोतला सगळ्यात नावाजलेला तुकडा म्हणजे देझाले. तिथलं रान साफ करून बाराव्या शतकात सिस्टर्शियन साधूंनी बागा लावल्या. 1536 मध्ये बर्नच्या सत्तेने वो प्रांत जिंकला, धर्मसुधारणा आली, मठ संपले आणि मठांच्या बागांपैकी काही लोझान शहराच्या मालकीच्या झाल्या. त्या आजही शहराच्याच मालकीच्या आहेत आणि त्यांची वाइन शहर दरवर्षी लिलावात विकतं.

लोक म्हणतात, लावोला तीन सूर्य आहेत. एक आकाशातला, दुसरा सरोवराच्या पाण्यावरून परावर्तित होणारा आणि तिसरा भिंतींमधला, म्हणजे दिवसभर तापलेला दगड रात्री जी ऊब सोडतो तो. उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे आणि सरोवराच्या मोठ्या पाण्यामुळे थंडीची धारही बोथट होते. शासला ही पांढऱ्या द्राक्षाची जात इथे प्रमुख. तिची चव सौम्य असते, त्यामुळे कोणत्या पायरीची माती कोणती हे वाइनमध्ये उतरतं, असं तिथले लोक मानतात. देझाले आणि त्याच्या शेजारचं कालामँ यांना वेगळा दर्जा आहे तो याच कारणाने.

भिंतीचं खरं काम मात्र ऊब देण्याचं नाही, माती धरून ठेवण्याचं आहे. इतक्या तीव्र उतारावर पाऊस पडला की माती खाली येते. खाली आलेली माती पाठीवरच्या टोपलीत भरून पुन्हा वरच्या टोकाला नेऊन टाकायची, हे काम इथे शतकानुशतकं हातांनी आणि पाठीने झालं. भिंतीमागे पाणी तुंबलं तर ती फुगते आणि एखाद्या ओल्या हिवाळ्यानंतर कोसळते. म्हणून पाणी वाहून नेणाऱ्या चरांची आणि भिंतीतल्या भोकांची निगा बागेइतकीच महत्त्वाची. आपल्याकडे कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारावर ताली, म्हणजे माती अडवणारे बांध, घालतात, तिथली एक ताल फुटली की खालच्या तालीवर काय भार येतो, हे ज्याने पाहिलं आहे त्याला लावोचं गणित लगेच कळेल. तिथे तर अशा भिंती एकावर एक, काही ठिकाणी चाळीसपर्यंत.

ट्रॅक्टर बहुतेक पायऱ्यांवर जात नाही. एका रुळावर दात्यांच्या आधाराने चढणारी छोटी गाडी बऱ्याच ठिकाणी बसवली आहे. ती हंगामात द्राक्षांचे क्रेट आणि एरवी खत वाहते. बाकी छाटणी, बांधणी, फेलफुटी काढणं, तोडणी, सगळं हातानेच. सपाट बागेच्या मानाने एका हेक्टरला लागणारे कामाचे तास इथे कैक पटींनी जास्त. हा खर्च बाटलीच्या किमतीत पूर्ण वसूल करता येत नाही आणि या प्रकरणाची मेख तिथेच आहे.

मालक गावात नव्हता

लावोचा उल्लेख झाला की वेवेच्या उत्सवाचा उल्लेख होतोच आणि बहुतेक लेखांत तो रंगीबेरंगी पोशाखांच्या एका परिच्छेदात आटोपतो. मला वाटतं, या उताराची सगळ्यात महत्त्वाची संस्था तो उत्सव करणारी मंडळी आहे आणि तिच्याकडे सावकाश पाहायला हवं.

लावोतल्या पुष्कळ बागांचे मालक तिथे राहत नसत. मठ गेल्यावर जमीन शहरांकडे आणि सधन घराण्यांकडे गेली. मालक लोझानमध्ये, वेवेत किंवा आणखी लांब. बाग प्रत्यक्ष करणारा माणूस वेगळा. त्याला तिकडे ताशरों म्हणतात. आपल्या भाषेत उक्त्याने काम घेणारा. त्याचा मोबदला तासावर किंवा दिवसावर नाही, क्षेत्रावर ठरतो. त्यासाठीचं जुनं माप फोसोरिए, साधारण 450 चौरस मीटर. एक माणूस एका दिवसात कुदळीने खणू शकेल एवढी जमीन.

आता अशा व्यवस्थेत अडचण उघड आहे. उक्त्याने काम घेतलेला माणूस घाईने उरकेल, अशी भीती मालकाला. आणि मन लावून केलेलं काम मालकाला दिसतच नाही, ही खंत काम करणाऱ्याला. भिंतीची डागडुजी तर अशी गोष्ट आहे की यंदा नाही केली तरी यंदाच्या पिकात फरक दिसत नाही. फरक पडतो तो दहा-वीस वर्षांनी, तेव्हा कदाचित दुसराच कोणी ती बाग करत असतो.

हा पेच वेवेच्या कॉन्फ्रेरी दे विन्यरों या मंडळीने सोडवला. हा द्राक्षबागायतीशी संबंधित मालकांचा संघ. त्याच्या नोंदवह्या 1647 पासूनच्या उपलब्ध आहेत; 1688 मध्ये वेवेत मोठी आग लागली, 1647 आधीची बरीचशी कागदपत्रं तिच्यात गेली. संघाचं ब्रीद लॅटिनमध्ये आहे, ‘प्रार्थना कर आणि काम कर’. त्याचं मुख्य काम बागांची पाहणी. जाणकार तज्ज्ञ वर्षातून ठरावीक वेळा संघाच्या देखरेखीखालच्या बागांमधून हिंडतात. छाटणी कशी आहे, तण किती आहे, वेली बांधल्या कशा आहेत, भिंती कोणत्या अवस्थेत आहेत, हे पाहून गुण देतात आणि अहवाल मालकाकडे जातो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात संघाने असं ठरवलं की नुसते दोष दाखवायचे नाहीत, उत्तम काम करणाऱ्याला जाहीर मान द्यायचा.

त्या मानातून उत्सव वाढला. आधी वेवेच्या रस्त्यांवरून संघाची मिरवणूक निघे. 1797 मध्ये पहिल्यांदा प्रेक्षकांसाठी मंच बांधून, सर्वोत्तम ठरलेल्या बागकऱ्यांना मुकुट घालून मोठा सोहळा झाला. वो प्रांत तेव्हा अजून बर्नच्या अंमलाखाली होता, तो सुटला पुढच्या वर्षी. ज्याच्याजवळ स्वतःची जमीन नाही, दुसऱ्याची बाग उक्त्याने करतो, त्या माणसाला भर बाजारचौकात सगळ्यांदेखत मुकुट! त्या काळाचा विचार केला तर ही साधी गोष्ट नव्हती.

हा उत्सव, फेत दे विन्यरों, तेव्हापासून साधारण एका पिढीत एकदाच होतो. 1819, 1833, 1851, 1865, 1889, 1905, 1927, 1955, 1977, 1999 आणि 2019. दरवर्षी होत नाही म्हणूनच त्याची ओढ टिकून राहिली असावी. आजीने ज्यात कोवळ्या वयात भाग घेतला, त्याच्या पुढच्या खेपेला तिची लेक आणि त्याच्या पुढच्याला नात. नाच, गाणी, ऋतूंचे प्रवेश, अल्पाइन गुराख्यांचं गाणं, आणि हजारो हौशी स्थानिक कलाकार. 2019 मध्ये चौकात 20,000 प्रेक्षक बसतील एवढं तात्पुरतं प्रेक्षागृह उभारलं होतं. 2016 मध्ये युनेस्कोने हा उत्सव मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला.

पोशाख, संगीत आणि दिग्दर्शक दर खेपेला बदलतात. मुकुटाचा विधी मात्र टिकून आहे आणि त्याच्या मागची पाहणी तर उत्सव नसतो त्या सगळ्या वर्षांतही चालूच असते. बहुतेक ठिकाणच्या ‘लोकपरंपरा’ कामापासून तुटतात आणि मग फक्त पाहुण्यांना दाखवायच्या उरतात. इथे परंपरेची मुळी कामातच रुजलेली आहे. ज्याला मुकुट मिळतो त्याच्या बागेचे गुण कागदावर नोंदलेले असतात.

या पाहणीने लावोच्या भिंती शेकडो वर्षं उभ्या ठेवण्यात मोठा वाटा उचलला, असं माझं मत आहे. दूर बसलेल्या मालकाला उतार नीट हवा होता. काम करणाऱ्याला मोबदला, बक्षीस आणि नाव मिळत होतं. पाहणाऱ्याची अपेक्षा आणि राबणाऱ्याची मिळकत एकाच व्यवस्थेत बांधलेली होती.

1977: बाहेरचा माणूस

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर उताराला नवा धोका आला. लोझान वाढत होतं. 1970च्या दशकात मोटारमार्ग डोंगराच्या वरच्या अंगाने आला आणि लावो शहराच्या अगदी हाताशी आलं. सरोवर, समोर आल्प्सची रांग, दक्षिणेचं ऊन: द्राक्षासाठी जे चांगलं, तेच बंगल्यासाठीही चांगलं.

फ्रांझ वेबर हा बासेलमध्ये 1927 साली जन्मलेला पत्रकार. पॅरिसमध्ये बरीच वर्षं काम केलेला. 1965 मध्ये एंगादिन खोऱ्यातल्या सुर्लेइ इथे होऊ घातलेल्या बांधकामाविरुद्ध त्याने मोहीम चालवली आणि तिथून तो निसर्गरक्षणाच्या कामाला लागला. लावो वाचवण्याची हाक त्याने 1970च्या दशकाच्या सुरुवातीला दिली. स्वित्झर्लंडमध्ये पुरेशा नागरिकांच्या सह्या गोळा केल्या तर घटनादुरुस्तीचा प्रस्ताव थेट मतदानाला नेता येतो. वेबरने तेच केलं. 1977 मध्ये मतदान झालं आणि लावोचं संरक्षण कँटनच्या घटनेत लिहिलं गेलं.

त्याच उन्हाळ्यात वेवेला उत्सवही होता. जूनमध्ये मतदारांनी उतार राखायचा निर्णय दिला आणि जुलैअखेरीस बाजारचौकात बागकऱ्यांना मुकुट घातले गेले. दोन्ही घटना एकमेकींसाठी योजलेल्या नव्हत्या, पण या प्रकरणाचे दोन धागे एका वर्षात इतके जवळ पुन्हा कधी आले नाहीत.

घटनेतल्या कलमाची अंमलबजावणी करणारा कायदा 12 फेब्रुवारी 1979चा. त्याने लावोचे भाग पाडले: द्राक्षबागांचा प्रदेश, इतर शेतीचा प्रदेश, गावं आणि वाड्या, शहरी वस्ती. प्रत्येकात काय बांधता येईल याचे नियम वेगळे आणि बागांच्या प्रदेशात ते सगळ्यात कडक. घटनेतल्या दोन-चार वाक्यांतून गावागावाचा नकाशा काढणं हे खरं किचकट काम होतं आणि ते वेबरने नाही, तर नगररचनाकारांनी, ग्रामपंचायतींनी आणि कोर्टाने पुढची कित्येक वर्षं केलं.

वेबर बाहेरचा होता, जर्मनभाषक बासेलचा, बागायतदार नव्हे. त्याच्यावरचा स्थानिक राग त्यातून आला. तरी मला वाटतं, हे काम आतल्या माणसाला झालं नसतं. ज्याची स्वतःची जमीन विकली जाऊ शकते आणि ज्याच्या शेजाऱ्याची विकली जाणार आहे, त्याने गावात उभं राहून ‘कोणीच विकायची नाही’ म्हणणं फार अवघड. ते म्हणायला गावाशी देणंघेणं नसलेला माणूस लागला. मात्र त्याच कारणाने, विकायची नाही तर मग करायचं काय, या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

2005 आणि 2007

2003 मध्ये वो कँटनची नवी घटना लागू झाली. तिच्यात लावोचं कलम नव्हतं. साधा कायदा होताच, पण कायदा विधिमंडळाच्या बहुमताने बदलता येतो. घटना बदलायला जनतेकडे जावं लागतं. वेबरने पुन्हा सह्या गोळा केल्या. 27 नोव्हेंबर 2005 रोजी झालेल्या मतदानात सुमारे 81 टक्के मतदारांनी लावोचं संरक्षण घटनेत परत आणलं.

1977 मध्ये जेमतेम बहुमत, 2005 मध्ये 81 टक्के. मधल्या 28 वर्षांत लोकांनी फरक डोळ्यांनी पाहिला होता. सरोवराच्या काठावर जिथे कायदा नव्हता तिथे काय झालं आणि लावोत काय झालं, हे लोझानहून रेल्वेने वेवेला जाताना खिडकीतूनच दिसतं.

28 जून 2007 रोजी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च इथे झालेल्या बैठकीत युनेस्कोने लावोला जागतिक वारसा यादीत घेतलं. हा अर्ज गावांच्या आणि बागायतदारांच्या सहभागाने गेला होता, त्यामुळे हा मान गावाला आपला वाटला. मूळ क्षेत्र 898 हेक्टर आणि भोवतीचा संरक्षक पट्टा 1,408 हेक्टर. पर्यटक वाढले. सँ-साफोरँहून ल्युत्रीपर्यंत बागांमधून जाणारी साधारण 11 किलोमीटरची पायवाट आता प्रसिद्ध आहे. गावोगावी बागायतदारांचे सामायिक पेय-कक्ष आहेत, तिथे आळीपाळीने एकेक कुटुंब आपली वाइन पाजतं आणि विकतं. वो प्रांताची जुनी रीत अशी की तळघरात पिंपाच्या तोटीपाशी पाहुणे आले की एकच पेला हातोहात फिरतो. घरचा माणूस भरतो, पितो आणि पुढच्याला देतो.

पण युनेस्कोच्या यादीत नाव आल्याने भिंतीला पैसे मिळत नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसतं. युनेस्को पाटी देतं, देखरेखीची अपेक्षा ठेवतं. दगड आणि गवंडी यांचा खर्च मालकाकडेच राहतो.

2014: या वेळी नाही

वेबरने तिसऱ्यांदा प्रस्ताव आणला. आता मागणी आणखी कडक होती: संरक्षित क्षेत्रात नवं बांधकाम जवळजवळ बंदच. कँटनच्या सरकारने त्यासमोर आपला पर्यायी प्रस्ताव ठेवला. सगळ्या लावोसाठी कँटनने एक भू-वापर आराखडा करायचा, संरक्षण कायम ठेवायचं, पण शेतीला लागणाऱ्या इमारतींना जागा ठेवायची. 18 मे 2014 रोजी मतदान झालं. दोन तृतीयांशांहून जास्त मतदारांनी वेबरचा प्रस्ताव नाकारला आणि जवळपास तितक्यांनीच सरकारचा स्वीकारला.

या वेळी बागायतदार उघडपणे, संघटितपणे विरोधात उभे होते आणि त्यांचं म्हणणं नेमकं होतं. वाइन करायला पिंपं ठेवायची जागा लागते, दाबयंत्र बसवायला लागते, औजारं आणि ती रुळावरची गाडी ठेवायला शेड लागते. जुन्या घरांची तळघरं नव्या यंत्रांना पुरत नाहीत. मुलगा लग्न करून गावात राहायचं म्हणाला तर खोली लागते. हे सगळं बंद केलं तर बागा राहतील, बागायतदार राहणार नाहीत.

2014चा निकाल म्हणजे लोकांना लावोचा कंटाळा आला, असं काहींनी वाचलं. मला ते पटत नाही. त्याच मतदारांनी पर्यायी प्रस्तावाला भरघोस मत देऊन संरक्षण चालू ठेवलं. बदललं होतं ते एवढंच की 1977 मध्ये ज्यांना कोणी विचारलं नव्हतं, त्यांचं ऐकून मत देण्याइतका कँटन शहाणा झाला होता.

वेबर 2019च्या एप्रिलमध्ये वारला. त्याआधी 2012 मध्ये त्याच्याच पुढाकाराने स्वित्झर्लंडने प्रत्येक गावात सुट्टीतल्या दुसऱ्या घरांचं प्रमाण 20 टक्क्यांवर रोखणारा निर्णय निसटत्या बहुमताने घेतला होता. त्याच्या अटी कितीही ताणलेल्या वाटल्या तरी त्याने तो उतार वाचवला, हे त्याच्या विरोधकांनाही नाकारता येत नाही.

हिशेबाची आजची बाजू

2001 मध्ये स्वित्झर्लंडने पांढऱ्या आणि लाल वाइनच्या आयातीचे वेगवेगळे कोटे एकत्र करून वर्षाला 17 कोटी लिटरचा एकच कोटा केला. तोवर पांढऱ्या वाइनची आयात फार आवळलेली होती आणि शासलाला घरच्या बाजारात मोठं संरक्षण होतं. ते गेलं. इटली, फ्रान्स आणि स्पेनच्या सपाट, यंत्राने तोडणी होणाऱ्या बागांची वाइन शेजारच्याच फळीवर आली. त्यात अलीकडे लोकांचं वाइन पिणंच कमी होत चाललं आहे. 2024 मध्ये स्विस वाइनचा देशातला खप बराच घटला. निर्यात तर आधीपासूनच नगण्य, स्विस वाइन बहुतेक स्विस लोकच पितात. म्हणजे घरचा गिऱ्हाईक कमी झाला की दुसरा बाजार नाही.

हवामानही साथ देईनासं झालं आहे. 2021 मध्ये गोठवणारी थंडी, गारपीट आणि केवडा रोग यांनी मिळून देशभरच्या द्राक्षपिकाची जी अवस्था केली, तसं कमी पीक 1957 नंतर झालं नव्हतं. उभ्या उतारावर फवारणी करणं हे तर वेगळंच संकट. पाठीवर पंप घेऊन भिंती चढायच्या किंवा हेलिकॉप्टरने फवारायचं. हेलिकॉप्टरने औषध घरांवर आणि वाटांवर उडतं म्हणून वर्षानुवर्षं तक्रारी होत्या. आता ड्रोन येत आहेत आणि या एका बाबतीत तरी तंत्राने गाव आणि बाग यांच्यातलं भांडण कमी केलं आहे.

मदत नाहीच असं नाही. स्विस संघराज्य तीव्र उतारावरच्या बागांना थेट अनुदान देतं आणि 30 टक्क्यांहून जास्त उताराच्या, भिंतींनी बांधलेल्या पायऱ्यांसाठी ते हेक्टरी वर्षाला 5,000 फ्रँक आहे. पण स्विस मजुरीच्या दराने एका गवंड्याचे किती दिवस त्यात बसतील याचा अंदाज केला की लक्षात येतं, एका मोठ्या भिंतीच्या पडझडीत अशी कित्येक वर्षांची रक्कम जाते. मजूरही आता गावातले नाहीत. तोडणीला आणि छाटणीला पोर्तुगालहून आणि पूर्व युरोपातून आलेली माणसं असतात. भिंतीचा दगड कसा रचायचा हे ज्यांना येतं ते हात म्हातारे होत चालले आहेत.

2019च्या उत्सवातही हाच ताण दिसला. सुमारे 10 कोटी फ्रँकचा खर्च आणि शेवटी मोठी तूट. सोहळा भव्य झाला, पण ती तूट भरून काढायला कॉन्फ्रेरीला आपली गंगाजळी लावावी लागली. आणि गंगाजळी जर उत्सवात जात असेल तर पाहणीच्या आणि बक्षिसांच्या कामाचं काय, हा प्रश्न मला उत्सवाच्या तुटीपेक्षा मोठा वाटतो. लावोची भिंत नृत्याने उभी राहिलेली नाही. वहीत गुण मांडत उतार चढणाऱ्या तज्ज्ञाने आणि त्या गुणांवर ज्याची इभ्रत होती त्या ताशरोंने ती उभी ठेवली.

अठराव्या शतकातला मालक स्वतःच्या उत्पन्नासाठी उतार नीट ठेवायला सांगायचा आणि त्याचे पैसे द्यायचा. आजचे पाहणारे लाखो आहेत: कँटनचा मतदार, पायवाटेवरून चालणारा पर्यटक, युनेस्कोच्या यादीत लावो वाचणारा जगातला कोणीही. सगळ्यांना तो उतार हवा आहे. देणारा मात्र मुख्यतः एकच, वाइनची बाटली विकत घेणारा, आणि तो कमी होत चालला आहे. बाटलीतून भिंतीचा खर्च निघत नसेल तर भिंतीचा खर्च भिंतीच्या नावाने, सार्वजनिक पैशातून आणि पुरेसा दिला पाहिजे, असं मला स्पष्टपणे वाटतं. आजच्या अनुदानाची रक्कम त्या दिशेने जाते, पण अर्ध्या वाटेत थांबते. लावोच्या नावाने आजवर तीन मतदानं झाली आणि तिन्हींचा विषय एकच होता: उतारावर काय बांधू द्यायचं नाही. जे बांधलेलं आहे ते उभं ठेवायचे पैसे कोण देणार, हे एकदाही मतपत्रिकेवर आलेलं नाही.